संख्या वेगळी, आकडा वेगळा: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

पांडवलेण्यात शिलालेख दाखवताना, शिकवणीला येणाऱ्या मुलांकडून आणि त्यांना सोडायला आलेल्या पालकांकडून हेच प्रश्न फिरून फिरून येतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. लेण्याचं आणि देवळालीच्या गणिती कापरेकरांचं उत्तर लांबलंय. ते लांबणारच, दोन्ही आपल्या गावचे विषय.

संख्या आणि आकडा यांत फरक काय? बोलताना आपण दोन्ही एकच धरतो.

बोलताना काही बिघडत नाही. ५ हे चिन्ह आहे. ते पाटीवर काढता येतं, पुसता येतं. मोडीत त्याचं वळण निराळं, तमिळमध्ये आणखी निराळं. पाच ही संख्या मात्र पुसता येत नाही. नाशिकमध्ये आपण गोदावरीला सर्रास गंगा म्हणतो, ‘गंगेवर जाऊन आलो’ म्हणतो. त्यानं नदी बदलत नाही. चिन्ह कुठलंही वापरा, पाच आणि सात मिळून बाराच होणार.

एक कसोटी लक्षात ठेवा. कुणी एखाद्या संख्येचा गुण सांगितला की विचारायचं: लिहायची पद्धत बदलली तर हा गुण टिकेल का? ‘बाराला तीनने भाग जातो’ हे टिकतं, कारण बारा गोट्यांच्या तीन सारख्या रांगा लावता येतात, मग आकडे लिहिता येत असोत वा नसोत. ‘बारा ही दोन अंकी संख्या आहे’ हे टिकत नाही. सोळाचा पाया धरून, म्हणजे दहाऐवजी सोळा झाले की पुढच्या घरात जायचं असं ठरवून, लिहिलं तर बाराला एकच चिन्ह लागतं. पहिला गुण संख्येचा, दुसरा लिखाणाचा.

मग संख्या असते तरी कुठे?

लासलगावच्या बाजारात कांद्याचा एक ढीग घ्या आणि तिघांना विचारा, किती आहे? व्यापारी म्हणेल वीस क्विंटल, हमाल म्हणेल चाळीस गोण्या, शेतकरी म्हणेल एक ट्रॉली. ढीग तोच, तिघंही खरं बोलतायत. म्हणजे वीस, चाळीस किंवा एक हे त्या ढिगाला रंगासारखं चिकटलेलं नाही. काय मोजायचं हे ठरल्याशिवाय संख्या येतच नाही. गोटलोब फ्रेगे या जर्मन तर्कशास्त्रज्ञानं १८८४ साली हाच मुद्दा मांडला: संख्या वस्तूला लागत नाही, आपण वस्तूकडे ज्या कल्पनेनं पाहतो त्या कल्पनेला लागते.

त्यापुढे तज्ज्ञांतही एकमत नाही. काहींच्या मते संख्या माणसाच्या आधीपासून आहेत, आपण त्या शोधतो. काहींच्या मते त्या आपण घडवल्या. काही म्हणतात, ‘तीन’ म्हणजे दोनच्या पुढची आणि चारच्या मागची जागा, एवढंच. मला हे शेवटचं पटतं. तीन घडांत, तीन तासांत आणि त्र्यंबकच्या तीन फेऱ्यांत सामाईक असं हाताला लागणारं काहीच नाही. तरी घड आणि तास यांच्या जोड्या लावल्या तर एकही उरत नाही.

सातबारा, एमएच १५, ४२२००१ या संख्याच ना?

नाहीत. ही आकड्यांत लिहिलेली नावं आहेत. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा, दोन्ही एका कागदावर. सात भागिले बारा कुणी करत नाही. एमएच १५ मधून पुण्याचे एमएच १२ वजा केले तर तीन उरतात, पण कसले तीन? बेरीज-वजाबाकीला अर्थ नसेल तर ते लेबल. शिकवणीत हा प्रश्न मुलं पालकांपेक्षा लवकर सोडवतात.

पांडवलेण्यात जुने आकडे आहेत म्हणतात. कुठे आणि काय लिहिलंय?

दहा नंबरच्या लेण्यात, ओवरीच्या भिंतीवर. हे लेणं उषवदातानं दिलेलं. तो क्षहरात घराण्यातल्या नहपान या क्षत्रपाचा, म्हणजे राजाचा, जावई. काळ साधारण इसवी सनाचं पहिलं-दुसरं शतक. लेख ब्राह्मी लिपीत आहे आणि बहुतेक मजकूर पैशांचा आहे, म्हणून मला तो फार आवडतो.

संवत्सर ४२, वैशाख महिना. लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत तीन हजार कार्षापणांची (कार्षापण म्हणजे तेव्हाचं नाणं) कायमची ठेव. ठेव गोवर्धनातल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. श्रेणी म्हणजे तेव्हाची व्यावसायिकांची संघटना आणि गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर रोडच्या बाजूचं गाव. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. हा दर लेखात ‘पायून’ असा खोदलेला आहे, वाचताना थेट पाऊणच ऐकू येतं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. दोन हजारांच्या व्याजातून, लेण्यात पावसाळा काढणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण.

आता हिशेब करून बघा. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षू, प्रत्येकी बारा: २४०. एक कार्षापण इकडे नाही की तिकडे नाही. त्याच लेखात पुढे सत्तर हजार कार्षापणांचं दान आहे. पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण, म्हणजे सोन्याचं नाणं, धरून ते दोन हजार सुवर्ण होतात असंही सांगितलंय. ३५ गुणिले २०००, बरोबर ७०,०००. दगडावर खोडरबर चालत नाही, तेव्हा टाकी लावण्याआधी कुणीतरी हे नीट मांडून तपासलेलं होतं.

मोठ्या रकमा या लेखात दोनदा येतात, आधी शब्दांत आणि लगेच आकड्यांत. आज चेकवर आपण तेच करतो.

बघायला जाणार असाल तर मोबाईलचा टॉर्च समोरून मारू नका, भिंतीलगत तिरपा धरा. सावली पडून अक्षरं उठतात. अक्षरांवर खडू किंवा पाणी फिरवायचं नाही. लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत.

त्या आकड्यांत शून्य दिसत नाही. मग ३००० कसे लिहिले?

शून्याची गरजच पडत नव्हती. या पद्धतीत एक ते नऊ यांना नऊ खुणा, दहा, वीस, तीस असं करत नव्वदपर्यंत आणखी नऊ वेगळ्या खुणा, आणि शंभर व हजार यांची एकेक स्वतंत्र खूण. वीस लिहायला दोन आणि शून्य लागत नाही, विसाची खूणच वेगळी आहे. हजाराच्या खुणेला जादा रेघा जोडल्या की दोन हजार, तीन हजार. तीच खूण आठाच्या खुणेला जोडली की आठ हजार, सत्तराच्या खुणेला जोडली की सत्तर हजार. चिन्ह कुठल्या जागी आहे यावर त्याची किंमत ठरत नाही, चिन्हावरच ठरते.

लिहायला आणि वाचायला पद्धत चांगली आहे. दोन मोठ्या संख्या एकाखाली एक मांडून हातच्याची बेरीज करायला मात्र ती उपयोगाची नाही, कारण एकक-दशकाची घरंच नाहीत. जुन्नरजवळ नाणेघाटात याहूनही आधीचा सातवाहनांचा लेख आहे, त्यातले आकडेही याच घराण्यातले. आज आपण आणि सगळं जग जे १ ते ९ वापरतो त्यांचा वंश इथपर्यंत मागे नेता येतो. २ आणि ३ ची मूळ रूपं तर नुसत्या दोन आणि तीन आडव्या रेघा होत्या. लिहिताना हात न उचलल्यानं त्या एकमेकींना जोडल्या गेल्या.

मग शून्याचा शोध भारतात लागला, हे खरं की नाही?

आधी विचारा, कुठलं शून्य?

‘या घरात काही नाही’ एवढंच सांगणारी खूण बाबिलोनच्या लोकांकडे होती आणि मायांनी ती स्वतंत्रपणे काढली होती. भारतातलं काम त्यापुढचं. ४९९ च्या सुमारास आर्यभटानं ‘स्थानात् स्थानं दशगुणं स्यात्’ असं सांगितलं, म्हणजे प्रत्येक घर मागच्याच्या दहापट. ६२८ साली ब्रह्मगुप्तानं शून्याचे नियम दिले: शून्य मिळवलं तर काय, वजा केलं तर काय, गुणलं तर काय. इथे शून्य रिकाम्या घराची खूण राहिलं नाही, ते हिशेबात भाग घेणारी संख्या झालं. माझ्या लेखी खरी उडी ती.

दगडावरचा पुरावा हा आणखी वेगळा विषय. ग्वाल्हेरच्या चतुर्भुज मंदिरातल्या ८७६ सालच्या लेखात २७० आणि ५० ही शून्यासकट खोदलेली आहेत. त्याहून जुना, शके ६०५ म्हणजे ६८३ सालचा शून्याचा आकडा कंबोडियातल्या एका शिलालेखात सापडला आहे. शक काल आपला, दगड त्यांचा. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘आर्यभटानं शून्य शोधलं’ हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. अभिमान बाळगा, पण माणूस आणि साल तरी बरोबर सांगा.

शून्याने भाग का देता येत नाही?

सहाला शून्याने भागून जे येईल त्याला पुन्हा शून्याने गुणलं तर सहा यायला हवेत, येतं शून्य. बस, एवढंच कारण. भास्कराचार्यांनी अशा राशीला ‘खहर’ नाव देऊन ती अनंत मानली होती. त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, लेख चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात आहे. नाशिकहून एका दिवसात जाऊन येता येतं.

दहाच का? दहामध्ये विशेष काय आहे?

गणिताच्या दृष्टीनं काहीही नाही. दोन हातांना दहा बोटं आहेत.

आणि दहा सोयीचे आहेत असंही नाही. दहाला फक्त दोन आणि पाच भागतात. बाराला दोन, तीन, चार, सहा भागतात, म्हणून केळी डझनावर. रुपयाचेही पूर्वी सोळा आणे होते, आण्याचे चार पैसे. त्या रुपयाला अर्धा, पाव, आध पाव करत सरळ तोडता यायचं. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणि त्याबरोबर पावकी-निमकी-पाऊणकीचे पाढेही हळूहळू गेले. आजी जप करताना अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवते. चार बोटांची बारा पेरं, एका हातावर बारा. मोजायचं साधन तेच, पाया वेगळा. विसाची कोडी, तासाची साठ मिनिटं (ही बाबिलोनची देणगी), संगणकाचे दोन. एकरात चाळीस गुंठे तर आपण आजही मोजतो. दहा जिंकला, पण सगळी मैदानं त्याला मिळालेली नाहीत.

पाया बदलून लिहिणं अवघड नाही. पाचचा पाया म्हणजे पाच झाले की पुढच्या घरात एक. आपले तेरा म्हणजे दोन पाच आणि वर तीन, लिहायचे २३. आपले सहा म्हणजे ११. शेवटी एक असूनही सहा समच. शेवटचा अंक बघून सम-विषम सांगायची आपली सवय ही दहाच्या पायाची सवय आहे. सम असणं मात्र सहाचं स्वतःचं.

मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी आणि वीस नंतर का? लिहितो तर उलटं.

कारण बोलायची परंपरा लिहायच्या पद्धतीहून जुनी आहे, आणि संस्कृतातही एकक आधीच यायचा. जर्मनही पाच आधी म्हणतात. कन्नड आणि तेलुगूत वीस आधी.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस पाच’ अशी वाचनाची रीत आली आणि राज्यभर वाद पेटला. माझं मत विचारतात म्हणून सांगतो: सुरुवातीला ‘वीस पाच’ म्हणून घ्यायला हरकत नाही, स्थानिक किंमत त्यानं लगेच कळते. पण बाजारात ‘साठ तीन रुपये’ कुणी म्हणणार नाही, तेव्हा त्रेसष्टशिवाय सुटका नाही. मुलं अडखळतात ती बहुधा एकोणवाल्या संख्यांना. एकोणतीस, एकोणचाळीस ही वजाबाकी आहे, बाकीच्या बेरजा. त्यातही नव्याण्णवला आपण बेरजेवर येतो. एकोणशंभर कोणी म्हणत नाही. हे तर्कानं शिकवायला जाऊ नका, म्हणून घ्या.

रोमन आकडे अजून का टिकले?

घड्याळ, राजांची नावं आणि पुस्तकांची सुरुवातीची पानं यांत हिशेब करावा लागत नाही म्हणून.

कापरेकर देवळालीचे ना? ६१७४ म्हणजे नक्की काय?

हो. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीला शाळेत शिक्षक. हौसेनं आकड्यांशी खेळणारा शाळामास्तर म्हणून त्यांच्याकडे बरेच जण गमतीनं बघत. १९७५ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रसिद्ध विज्ञान मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिलं आणि नाव जगभर गेलं.

६१७४ चा खेळ असा: कुठलीही चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, मग चढत्या क्रमानं, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच. येत्या सिंहस्थाचं वर्ष २०२७ घेऊ.

७२२० − ०२२७ = ६९९३
९९६३ − ३६९९ = ६२६४
६६४२ − २४६६ = ४१७६
७६४१ − १४६७ = ६१७४

आता ६१७४ वर केलं तर पुन्हा ६१७४ च. मागच्या सिंहस्थाचं २०१५ घेतलं तर सात पायऱ्या लागतात. सातपेक्षा जास्त कधीच लागत नाहीत. करून बघा.

आता वरची कसोटी लावा. हा गुण ६१७४ या संख्येचा आहे का? नाही. तिला पाचच्या पायावर लिहिलं तर ती १४४१४४ दिसते. चार अंकी राहिलीच नाही, खेळ तिथेच संपला. पाचच्या पायावर स्वतःवर परत येणारी चार अंकी संख्या वेगळी, ३०३२, म्हणजे आपले ३९२. तेव्हा ६१७४ हे दहाचा पाया आणि चार घरं यांच्या जोडीतून निघालेलं सत्य आहे. कुणी म्हणेल, मग ते खोटं नाणं. अजिबात नाही. दहाच्या पायावर लिहिण्याची पद्धत हीसुद्धा एक गणिती रचना आहे, आणि तिच्याबद्दलची विधानं तितकीच पक्की असतात. कापरेकरांनी अभ्यास केला तो लिखाणाच्या आत दडलेल्या नियमांचा. कितीतरी गणितज्ञ त्याला दुय्यम मानत. मला ते मानणं कोतं वाटतं.

त्यांनी आपल्या गावाचं नावही गणितात ठेवलंय. कुठलीही संख्या घ्या, तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा: १५ अधिक १ अधिक ५ म्हणजे २१. तर १५ हा २१ चा जनक. काही संख्यांना असा जनकच नसतो: २०, ३१, ४२, ५३... यांना त्यांनी ‘देवळाली संख्या’ म्हटलं. बाहेर त्या ‘सेल्फ नंबर’ नावानं ओळखल्या जातात. नाशिकरोडहून बसनं देवळालीला जाताना तिकिटावरच्या आकड्यात जनक शोधायचा नाद लागला तर दोष माझा नाही.

जपमाळेत १०८ मणी का? ही संख्या खास आहे का?

‘का’चं उत्तर परंपरेनं अनेक तऱ्हांनी दिलंय, त्यात मी पडत नाही. गणितापुरतं: १०८ म्हणजे दोनदा दोन आणि तीनदा तीन यांचा गुणाकार (४ × २७), त्यामुळे तिला पुष्कळ विभाजक आहेत. हा गुण कुठल्याही पायावर टिकतो. शिवाय १०८ ही देवळाली संख्याही आहे, तो गुण मात्र दहाच्या पायापुरता.

नोटा आपल्याकडे छापतात. मग त्यांवर देवनागरी आकडे इतके कमी का?

नाशिकरोडला नोटा १९२८ पासून छापल्या जातात. आकड्यांचा निर्णय मात्र प्रेसचा नसतो. राज्यघटनेच्या ३४३ व्या कलमात संघराज्याच्या कामासाठी ‘भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप’ असं म्हटलंय. म्हणजे ज्यांना आपण इंग्रजी आकडे म्हणतो तेही घटनेच्या भाषेत भारतीयच, आणि इतिहास बघता ते चूक नाही: इथून अरबांकडे, अरबांकडून युरोपात. फिबोनाची या इटालियन गणितज्ञानं १२०२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं ते ‘हिंदूंचे नऊ आकडे’ म्हणूनच. २०१६ च्या नव्या नोटांवर देवनागरीतही किंमत आली, तर त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात याचिका झाली. रकमेवर वाद नव्हता, वळणावर होता. नोटेच्या मागच्या पट्टीवर तीच रक्कम पंधरा भाषांत शब्दांनी लिहिलेली असते. मुलांना संख्या आणि तिचं लिखाण यांतला फरक दाखवायला याहून स्वस्त साधन नाही.

लाख-कोटी सोडून मिलियन-बिलियन वापरावं का?

ज्याच्याशी बोलताय त्याच्यावर आहे. दहा लाख म्हणजे मिलियन, शंभर कोटी म्हणजे अब्ज किंवा बिलियन. फक्त स्वल्पविराम एका कागदावर एकाच पद्धतीनं द्या.

गाडीच्या नंबरची बेरीज नऊ आली तर शुभ म्हणतात. त्यात काही तथ्य?

अंकांची बेरीज ही लिखाणाची गोष्ट. अंकांची बेरीज नवाने भागली जाते तेव्हा संख्याही नवाने भागली जाते, कारण नऊ हे दहाहून एकानं कमी. आठच्या पायावर हीच जादू सात करतो. आठ बोटांच्या प्राण्यांनी आरटीओ चालवलं असतं तर सातच्या बेरजेला जास्त पैसे मोजले असते. पैसे तुमचे, पसंतीचा नंबर घ्यायला माझी ना नाही.

मुलगी दुसरीत आहे, अजून बोटांवर मोजते. थांबवू का?

नका थांबवू. उलट तिला पेरांवर बारापर्यंत मोजायला शिकवा. मग एक हात पेरांचा आणि दुसऱ्या हाताचं एकेक बोट दर बाराला मिटायचं: पाच बोटं, साठ झाले. हे जमलं की ‘दुसऱ्या हाताची तीन बोटं आणि पहिल्यावर चार पेरं म्हणजे किती’ असं विचारा. चाळीस म्हणायला तिला थोडा वेळ लागेल, पण स्थानिक किंमतीचं प्रकरण वेगळं शिकवावं लागणार नाही.